बर्फावर घसरताना कानात गाणी : तुमचे अनुभव सांगा

रंकाळवेशीतला
काल संध्याकाळी रंकाळ्याच्या काठानं पळत होतो. समोरून एक पोरगं आलं, दोन्ही कानांत गाण्याचे बोळे (इअरबड), डोळे मोबाईलात. मी "ओ भाऊ" म्हणेपर्यंत खांदा घासून गेलंसुद्धा, त्याला पत्ताच नाही. चिडायचं सोडून मला एकदम गुलमर्ग आठवलं. तिथं मी पण गाणी लावूनच स्नोबोर्डवर, म्हणजे दोन्ही पाय आडवे बांधलेल्या एकाच फळीवर, बर्फाचा उतार उतरायचो, आणि वळायला मला गाण्यांनीच शिकवलं.

टाचेच्या कडेवरून बोटांच्या कडेवर येताना मधे क्षणभर बोर्ड सपाट होतो आणि नाक थेट उताराकडं जातं. तिथं पोटात गोळा येतो. शिकवणारा काश्मिरी पोरगा ओरडायचा, "घुटने मोडो, नीचे मत देखो!" गुडघे कुणाचं ऐकतात? मग संथ ठेक्याचं, ढोलकीचं एक गाणं लावलं आणि ठरवलं, सम आली की वजन पुढच्या पायावर टाकायचं. वळू का नको हा विचारच संपला. समेवर बोर्ड आपोआप फिरायचा. उडत्या चालीचं गाणं लावलं की मात्र सगळी घाई व्हायची.

घरचे म्हणतात असलं काही करू नको, कान उघडे ठेव. तुमचं काय मत? बर्फावरचं नसलं तर सायकल, पळणं, घाट, काहीही चालेल.

शाहूपुरीची सून
वाचतेय. तव्यावर पोळी आहे, नंतर लिहिते. माझ्याकडं भारी किस्सा आहे.

लई_भारी_०९
भावा, गाणं कुठलंही लाव, माझं आपलं खटक्यावर बोट, जाग्यावर पलटी 😂 टाचेची कड अडकली की डोक्याची मागची बाजू आपटती, बोटांची अडकली की मनगटं. हेल्मेट नसतं तर ही कमेंट बायकोनं टाईप केली असती.

बावड्याचा, सध्या कॅनडात
इथं आठवडाभर काम आणि सुट्टीला डोंगर असं चालू आहे, म्हणून जरा लांबण लावतो.

उतारावर पुढं असलेल्याचा हक्क पहिला. मागून येणाऱ्यानं त्याला सांभाळून जायचं. पण मागचा सांभाळतोय यावर किती भरवसा ठेवायचा? स्कीवाला समोर तोंड करून जातो, बोर्डवाला आडवा उभा असतो. डावा पाय पुढं असेल तर छाती उजवीकडं, पाठ डावीकडं, म्हणजे डाव्या हाताचं जवळजवळ काहीच दिसत नाही. म्हणून मी फक्त उजव्या कानात गाणं लावतो आणि डावा मोकळा ठेवतो. उजवा पाय पुढं ठेवणाऱ्यांनी याच्या उलट करायचं. मागून टाचेच्या बाजूनं कुणी आलं तर त्याच्या कडा बर्फ खरवडतात तो आवाज आधी येतो, माणूस नंतर दिसतो.

दुसरं म्हणजे बर्फ स्वतः बोलतो. आपलाच बोर्ड खरखरायला लागला की समजायचं उतारावरचा बर्फ टणक झालाय, आता कड जोरात दाबून उपयोग नाही, निसटेल. हे डोळ्याला उशिरा कळतं, सावलीत तर कळतच नाही. ताज्या भुसभुशीत बर्फात आवाजच नसतो, तिथं लावा काय लावायचं ते.

रंकाळवेशीतला
एक कान! हे कधी सुचलंच नव्हतं. पण एकाच कानात लावलं की अर्धी वाद्यं गायब होतात, ढोलकी नेमकी पलीकडच्या कानात गेली तर मी वळायचं कधी? 😄

बावड्याचा, सध्या कॅनडात
फोनच्या अॅक्सेसिबिलिटी सेटिंगमध्ये मोनो ऑडिओ आहे. चालू करा, सगळं एका कानात येतं.

राजारामपुरीकर
एवढं भ्यायचं तर ऑलिम्पिकवाले कसं करतात? शॉन व्हाइट, क्लोई किम असले अमेरिकन स्नोबोर्डर कानात गाणी घालून हाफपाइपमध्ये, म्हणजे त्या अर्ध्या नळीसारख्या बर्फाच्या खोल पन्हळीत, उतरलेत. १९९८ ला नागानोला स्नोबोर्डिंग ऑलिम्पिकमध्ये आलं तेव्हापासून ह्या खेळाचा बाजच तसा आहे.

बावड्याचा, सध्या कॅनडात
हाफपाइपमध्ये एका वेळी एकच जण उतरतो हो. मागून स्लेज घेऊन कोण येणार तिथं?

तालमीतला
स्लेजचं नाव काढलं म्हणून सांगतो, गुलमर्गच्या खालच्या उतारावर ते लाकडी स्लेजवाले कुठनं येतील नेम नाही. पण मूळ मुद्दा बोळ्यांचा. आमच्या खासबागेत, शाहू महाराजांनी बांधलेल्या मैदानात, पैलवान कानात काय घालतो? हलगी बाहेर वाजती आणि अख्ख्या मैदानाला ऐकू येती. कुस्ती चिकटली की हलगीवाला नुसता घुमवत ठेवतो, कुणी पट काढला की असा कडाडतो की बसलेला माणूस उभा राहतो. तो कुस्ती बघून वाजवतो. तुमच्या फोनला दिसतंय का तुम्ही पडलाय ते? तुम्ही बर्फात तोंड खुपसून आणि गाणं आपलं चालूच.

लई_भारी_०९
@तालमीतला नाद खुळा!! हलगीवाल्याला गुलमर्गच्या गोंडोलात (रोपवेच्या डब्यात) बसवूया.

पन्हाळा_पायडल
बर्फ बघितलेला नाही. जोतिबाच्या घाटात सायकल उतरवताना मागून ट्रक येतो. गाणी अजिबात नकोत. विषय संपला.

शाहूपुरीची सून
आले. झाली एकदाची जेवणं.

तर गुलमर्गलाच. नवरा बोर्डवर, मी पण बोर्डवर, सासूबाई कडेला खुर्चीवर कहवा पीत. माझे इअरबड पांढरे. आपटले, एक उडाला. आता पांढऱ्या बर्फात पांढरा इअरबड शोधा! फोनवरून तो वाजवायची सोय असते, तेही केलं, पण बर्फाखालून काय ऐकू येणार? हातमोजे काढून चाचपडले तर बोटं बधिर. नवरा म्हणाला सोड, नवीन घेऊ. तेवढ्यात एक स्लेजवाले चाचा आले, गुडघ्यावर बसले, तळहातानं वरचा थर हलकेच बाजूला करत गेले, सासूबाई तांदूळ निवडतात तसं, अजिबात घाई नाही. सापडला. चाचांनी तो कानाजवळ नेला आणि म्हणाले, "बेटी, इसमें तो गाना चालू है." आणि पूर्ण कडवं ऐकूनच परत दिला 😂 आता मी लालभडक घेतलेत.

मधली_सुट्टी
आमचा फोन तिथं ४० टक्के दाखवत असताना पटकन बंद पडायचा. वाटलं गेला.

वायरमन_गंगावेश
@मधली_सुट्टी गेलेला नसतो. लिथियम बॅटरीतली रासायनिक क्रिया थंडीत मंदावते, लागेल तेवढा करंट देता येत नाही, म्हणून फोन स्वतःच बंद होतो. जॅकेटच्या बाहेरच्या खिशात ठेवू नका. आत, अंगाला लागून ठेवा, ऊब मिळाली की चार्ज परत दिसतो. गारठलेला फोन तसाच चार्जिंगला लावायचा नाही, शून्याखाली चार्ज केल्यानं बॅटरीचं कायमचं नुकसान होतं. बोळ्यांची बॅटरी तर इवलीशी, ती आधी मान टाकते.

बावड्याचा, सध्या कॅनडात
खिशावरून आठवलं, हे गमतीत घेऊ नका. गोंडोलाच्या दुसऱ्या टप्प्यानं गुलमर्गच्या वरच्या अफरवत डोंगरावर, म्हणजे चार हजार मीटरला थोडं कमी एवढ्या उंचीवर जाऊन आखलेल्या उताराबाहेर जाणार असाल तर अंगावर ट्रान्सीव्हर असतो, हिमस्खलनात गाडलेल्याला शोधायचा. फोन आणि इअरबडनं त्याच्या सिग्नलमध्ये गडबड होते. साधारण २० सेंटिमीटर लांब ठेवायचे, आणि आपण दुसऱ्याला शोधत असू तेव्हा ५० सेंटिमीटर. एकाच खिशात तर नाहीच. फेब्रुवारी २०२३ मध्ये अफरवतवर हिमस्खलनात दोन पोलिश स्कीअर गेले. तिथं माझी गाणी पूर्ण बंद, सोबत्याची हाक ऐकू यायला पाहिजे.

रंकाळवेशीतला
हे माहीत नव्हतं. मी तेवढा वर गेलो नाही, खालचा उतारच पुरला. धन्यवाद.

मधली_सुट्टी
सायकलचं हेल्मेट चालतंय का हो बर्फावर? घरी पडून आहे.

बावड्याचा, सध्या कॅनडात
नको. बर्फाचं वेगळं असतं, मागची बाजू खालपर्यंत झाकलेली, कानावर गाद्या. तिथं भाड्यानं मिळेल, आधी घालून बघा. कानाच्या गाद्यांत बसणारे स्पीकरही मिळतात.

लई_भारी_०९
जानेवारीत कोण कोण येतंय? कोल्हापूर-निजामुद्दीन (दिल्ली) गाडी आठवड्यातनं एकदाच आहे, आत्ताच बघाय पाहिजे.

शाहूपुरीची सून
दिल्लीच्या पुढं कटऱ्याला जा, तिथून श्रीनगरला जून २०२५ पासून रेल्वे सुरू झालीय. सासूबाईंना वाचून दाखवलं, त्यांनी भडंगाचा डबा किती मोठा घ्यायचा ते विचारलंय.