ड्रोनच्या लेन्सला टोपी हवी की नको? माहीकाठच्या दुपारच्या उन्हानंतर झालेलं माझं मत

दांडियाबाजारकर

मंडळी, नमस्कार. मत आधीच सांगून टाकतो. भर दुपारी ड्रोनने चित्रीकरण करायचं असेल, तर कॅमेऱ्यावर छोटीशी टोपी, म्हणजे लेन्स हूड, हवाच. ज्यांना पटत नाही त्यांनी कारणासकट लिहा, मला ती कारणं ऐकायची आहेत.

झालं असं. बडोद्याजवळच्या सिंधरोटच्या पुढे माही नदीच्या बाजूला माझ्या काकांची वांगी-टोमॅटोची वाडी आहे. त्यांना वाडी, विहीर आणि नवी पत्र्याची शेड असं सगळं टिपून हवं होतं. माणसं आणि ट्रॅक्टर दुपारी एकलाच मोकळे होणार होते, त्यामुळे वेळ निवडायची सोय नव्हती. दिवस उत्तरायणाच्या, म्हणजे जानेवारीतल्या संक्रांतीच्या, आसपासचे. तेव्हा आपल्या बडोद्यात ऐन दुपारीही सूर्य डोक्यावर येत नाही, दक्षिणेला साधारण 46 अंशांवर राहतो. वाडीचं फाटक उत्तरेला, शेड दक्षिणेला. म्हणजे फाटकातून आत शिरताना ड्रोनचं तोंड सूर्याकडेच.

सूर्य चौकटीत कुठेही नव्हता. फोनच्या पडद्यावर सगळं ठीक वाटलं. घरी येऊन टीव्हीवर लावलं, तर काळी माती राखाडी, वांग्याची पानं धुऊन काढल्यासारखी फिकी, आणि डाव्या कोपऱ्यात एक हिरवट ठिपका शेवटपर्यंत सोबत. शिवाय ड्रोन पुढे जाताना चित्रावरून बारीक काळे पट्टे थरथरत सरकत होते. शेडच्या पत्र्यावर ते इतके उठून दिसले, की काकांनी विचारलं, "शेडमधली लाइट जातेय-येतेय का रे?"

हे दोन वेगळे दोष आहेत, हे मला नंतर कळलं. फिकेपणा येतो तो चौकटीबाहेरून तिरकं येणारं ऊन लेन्सच्या पुढच्या काचेवर पडून आत इकडेतिकडे उसळतं म्हणून. काळा भाग काळा राहतच नाही, सगळ्यावर धुक्याचा पडदा. पट्टे येतात ते पंख्यांमुळे. सूर्य पुढून आणि वरून असला की फिरत्या पात्यांची सावली लेन्सवरून सपासप जाते. सेन्सर चित्र एकदम टिपत नाही, ओळीओळीने टिपतो, म्हणून काही ओळी सावलीत सापडतात आणि काही उन्हात. पुढे जाताना ड्रोन नाक खाली घालतो, पण गिंबल, म्हणजे कॅमेरा तोलून धरणारा सांगाडा, कॅमेरा सरळच धरतो. त्यामुळे पुढचे पंखे आणखी खाली, लेन्सच्या नजरेजवळ येतात.

दुसऱ्या दिवशी बुटाच्या खोक्यातला काळा जाड कागद कापला. वरून पुढे 7 मिलिमीटर येईल एवढी पट्टी, दोन्ही बाजूंना छोटे कान, आतली बाजू काळ्या मार्करने मंद केलेली. ओळखीच्या सोनाराच्या काट्यावर वजन भरलं 0.4 ग्रॅम. ती कॅमेऱ्याच्या डोक्यावर दुहेरी टेपने चिकटवली आणि त्याच वेळी, त्याच वाटेने ड्रोन नेला. माती काळी आली. हिरवा ठिपका गेला. पट्टे पूर्ण गेले नाहीत, पण शोधावे लागले.

इतक्या स्वस्तात इतका फरक पडत असेल तर टोपी का नको?

रावपुऱ्याचा कारागीर

दादा, फरक पडला असेल, नाकारत नाही. पण मी कॅमेरे आणि ड्रोन दुरुस्त करायला बसतो, आणि टोपीच्या गोष्टीचा उरलेला अर्धा भाग माझ्या टेबलावर येतो.

गिंबल तीन चिमुकल्या मोटरींवर कॅमेरा तोलून धरतो. तोल कॅमेऱ्याच्या मूळ वजनावर बसवलेला असतो. पुढच्या टोकाला अर्धा ग्रॅम लावला, तरी तो मध्यापासून लांब असल्याने मोटरीला सतत उचलून धरावा लागतो. मोटर तापते, क्षितिज तिरकं होतं, कधी गिंबलवर ताण आल्याची सूचना येते. हे झालं स्थिर हवेत. वेग घेतलात की तुमची 7 मिलिमीटरची पट्टी शिडासारखी वारा धरते आणि कॅमेरा बारीक थरथरतो. माहीच्या काठावर वारा कसा असतो ते तुम्हाला मी सांगायला नको.

आणि ड्रोन चालू केल्यावर गिंबल स्वतःला तपासायला वर-खाली, डावीउजवीकडे फिरतो ना, तेव्हा कागदाचा कान अंगाला अडकला तर मोटर जोर लावत राहते. गेल्या उन्हाळ्यात एक मुलगा ड्रोन घेऊन आला. टोपी दुहेरी टेपनेच लावलेली. उन्हात टेपचा गोंद पातळ होऊन टोपी सरकली आणि गिंबलच्या हातात जाऊन बसली. कॅमेऱ्याकडे जाणारी चपटी केबल, केसाएवढ्या तारांची असते ती, मधोमध फाटली. भिंगाखाली ठेवून दाखवली तेव्हा त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. तयार ड्रोन परदेशातून आणायला फेब्रुवारी 2022 पासून बंदी आहे, त्यामुळे हातात आहे तो ड्रोन जपणं हेच शहाणपण.

टोपी न लावता पट्टे घालवायचे असतील तर एनडी फिल्टर, म्हणजे उजेड कमी करणारी गडद काच, लावा. लेन्सचं तोंड एफ 2.8 एवढं उघडं आणि सेन्सरची संवेदना आयएसओ 100 असेल, तर भर उन्हात तुमचं शटर 1/3200 सेकंदाच्या आसपास जातं. इतक्या झटपट टिपताना पात्याची सावली जशीच्या तशी पकडली जाते. एनडी 64, म्हणजे उजेड 64 पट कमी करणारा, लावला की शटर 1/50 वर येतं. तेवढ्या वेळात कित्येक पाती जाऊन येतात आणि सावली मिसळून जाते. फिल्टर जागेवर घट्ट बसतो, वारा धरत नाही.

कारेलीबागचा अमोल

मी टोपी वापरतो, एकदम मस्त. पडदा काळा ठिक्कर दिसायचा, आता सगळं स्वच्छ दिसतं. रिमोटवर फोनभोवती लावायची घडीची मिळते.

दांडियाबाजारकर

अमोलभाऊ, ती फोनच्या पडद्यावरची सावली, तिच्याबद्दल वादच नाही. इथे कॅमेऱ्याच्या लेन्सवरच्या टोपीचं चाललंय.

कारागीरदादा, केबलचं वाचून पोटात गोळा आला. टेप उद्याच काढतो. पण एनडीने पट्टे जातील, त्या धुक्याच्या पडद्याचं काय? उलट एनडी म्हणजे लेन्सपुढे काचेचे आणखी दोन पृष्ठभाग. त्यांच्यावर ऊन पडलं तर ठिपके वाढणारच. आणि वजन म्हणाल तर फिल्टरलाही वजन आहेच की.

सुरसागरकाठची

मी लग्नाची कामं करते, त्यामुळे माझा विरोध वेगळ्या अंगाने आहे. टोपीची वेळच फार थोडी असते.

साध्या 24 मिलिमीटर समकक्ष, म्हणजे रुंद दृश्य टिपणाऱ्या, लेन्सचं बघा. व्हिडिओच्या 16:9 चौकटीत कॅमेरा सरळ धरला तर चौकटीची वरची कड क्षितिजापासून साधारण 22 अंशांवर येते. उत्तरायणाच्या दिवसांत दुपारी साडेचारला बडोद्यात सूर्य 20 अंशांवर उतरलेला असतो. म्हणजे नैर्ऋत्येकडे वळलात की तो सरळ चौकटीत. चौकटीतल्या सूर्यापुढे कोणतीही टोपी काय करणार? आणि कॅमेरा 15 अंश खाली झुकवला, तर सूर्य कडेच्या वर जेमतेम 13 अंश राहतो. एवढं जवळचं ऊन अडवायला टोपी लांब करावी लागेल, आणि लांब केली की ती चित्रातच डोकावेल. इतक्या रुंद लेन्सला लांब टोपी चालतच नाही.

दुसरं टोक म्हणजे शेतमोजणीचं, सरळ खाली बघणारं काम. तिथे सूर्य लेन्सच्या पाठीमागेच असतो, टोपी लागतच नाही.

राहता राहिले अकरा ते तीन. त्या उन्हात नवरा-नवरीचे चेहरे कसे येतात ते मला माहीत आहे, टोपी असो वा नसो. डोळ्यांच्या जागी दोन काळे खड्डे. दादा, वेळ बदला. काकांना सांगा सकाळी आठला ट्रॅक्टर उभा करा म्हणून.

दांडियाबाजारकर

ताई, तुमचं गणित मी कागदावर मांडून पाहिलं, बरोबर आहे. संध्याकाळच्या कामाला टोपी नको, हे मान्य. पण वेळ बदला असं म्हणणं सगळ्यांना परवडत नाही हो. शेड बांधणारा, विहिरीवर मोटर बसवणारा, प्लॉट विकणारा, यांची कामं अकरा ते तीनमध्येच असतात आणि तिथे चेहरे नसतात, माती आणि पत्रे असतात. तुमच्याच हिशोबाने धरू. दुपारी एकला सूर्य 46 अंशांवर आणि कॅमेरा 15 अंश झुकलेला, म्हणजे सूर्य चौकटीच्या वरच्या कडेपासून 39 अंश दूर. तिथे 7 मिलिमीटरची पट्टी चित्रात न येता काचेवर सावली धरते. माझ्या पोटापाण्याची निम्मी कामं याच वेळेतली आहेत.

जुना रोलवाला

मुलांनो, मी चाळीस वर्षं फोटो काढले, त्यातली पंचवीस रोलवर. हूड नसला की आम्ही डावा तळहात लेन्सच्या वर धरायचो. हाताची सावली काचेवर पडली की नाही ते डोळ्यांनी बघायचं आणि मगच बटण दाबायचं. त्यामुळे तत्त्व म्हणून मी टोपीच्या बाजूने. काचेवर ऊन पडू द्यायचं नाही, हे कॅमेरा जमिनीवर असो की आभाळात, खरंच आहे.

पण दांडियाबाजारकर, एक विचारतो. चित्रीकरणाआधी काच पुसली होती का? ड्रोनची लेन्स इवलीशी, नखापेक्षा लहान. तिच्यावर बोटाचा तेलकट ठसा पडला तर अर्धी काच माखते. तिरकं ऊन त्या तेलावर पडलं की तुम्ही सांगताय तस्साच राखाडी पडदा येतो. ड्रोन पिशवीतून काढताना अंगठा बरोबर तिथेच लागतो. शिवाय उत्तरायणाला गच्चीवर उडवलात म्हणजे धूळही आलीच. पहिल्या दिवशी न पुसता आणि दुसऱ्या दिवशी टोपी चिकटवताना पुसून घेतली असेल, तर श्रेय टोपीचं की फडक्याचं?

दांडियाबाजारकर

काका, पकडलंत. टोपी लावताना काच पुसली होती, हे आठवतंय. आदल्या दिवशी पुसली नव्हती. (गच्चीवर मात्र मुळीच उडवत नाही. मांजात पातं गुंतलं तर ड्रोन कुणाच्या डोक्यावर पडेल नेम नाही, आणि हरणी विमानतळाच्या हद्दीपासून 8 किलोमीटरच्या आत परवानगीशिवाय उडवताच येत नाही. म्हणून तर सिंधरोट.)

रविवारी पुन्हा जातो. काच प्रत्येक वेळी पुसून, तीन फेऱ्या: उघडी लेन्स, एनडी 64, आणि टोपी.

प्रतापनगर

वजनाचं कुणी बोललंच नाही. ड्रोन नियम 2021 मध्ये 250 ग्रॅमपर्यंत नॅनो आणि त्यापुढे 2 किलोपर्यंत मायक्रो. यात ड्रोनवर लावलेलं सगळं धरतात. ड्रोन 249 ग्रॅमचा असेल तर हातात फक्त 1 ग्रॅम उरतो. कागदाची टोपी त्यात बसेल, पण बाजारातली प्लॅस्टिकची टोपी 2-3 ग्रॅम भरली की तुम्ही मायक्रोमध्ये गेलात. मायक्रो ड्रोन धंद्यासाठी उडवायला पायलटचं प्रमाणपत्र लागतं. दांडियाबाजारकर पोटापाण्याची कामं करतात असं वर लिहिलंय, म्हणून काळजीने सांगतोय. ड्रोन, बॅटरी, कार्ड, फिल्टर, टोपी, सगळं एकत्र त्या सोनाराच्या काट्यावर ठेवा.

सुरसागरकाठची

हा मुद्दा माझ्या लक्षातच आला नव्हता. धन्यवाद. आमच्याकडे दोघेजण प्लॅस्टिकची टोपी लावून लग्नं करतात, त्यांना आजच फोन करते.

दांडियाबाजारकर

रविवार झाला. टोपी लावून सगळं एकत्र मोजलं, 249.6 ग्रॅम. आता जे दिसलं ते सांगतो.

काका, फडक्याचं श्रेय मोठं आहे. काच पुसल्यावर उघड्या लेन्सचा पडदा निम्म्याहून कमी झाला. पूर्ण गेला नाही, शेडच्या सावलीतला काळोख अजून राखाडीच होता, आणि हिरवा ठिपका होताच. एनडी लावल्यावर पट्टे साफ गेले, पण कारागीरदादा, एकाच्या जागी दोन ठिपके आले. टोपीने सावली काळी दिली आणि ठिपका घालवला, पट्टे थोडे राहिले. या वेळी टेप नव्हता. कागदाचं छोटं कडं करून कॅमेऱ्याच्या डोक्यावर सरकवून बसवलं होतं. जोरात पुढे नेल्यावर मात्र चित्र थरथरलं, तुम्ही म्हणालात तसंच. हळू चालवलं तर नाही.

एकला हळू चालणाऱ्या कामाला मी टोपी लावणार, यावर ठाम आहे.

रावपुऱ्याचा कारागीर

प्रामाणिकपणे लिहिलंत, बरं वाटलं. मी अजून विरोधातच आहे. थरथर दिसली म्हणजे मोटर झगडत होती. तेच चित्र मी टोपीशिवाय पाच मिनिटांत घेतो: शेडकडून फाटकाकडे या, सूर्य पाठीशी घ्या.

तरी लावणारच असाल तर एक करा. चालू करताना टोपी काढून ठेवा, गिंबलची तपासणी होऊ द्या, मग बसवा. आणि कडं आतून खरवडतंय का ते बघायला एकदा ड्रोन घेऊन या, भिंगाखाली दोघं मिळून बघू. त्याचे पैसे घेणार नाही.

दांडियाबाजारकर

शेडकडून आलं तर शेड पाठीमागे राहते दादा, आणि काकांना शेडच दाखवायची आहे. बुधवारी संध्याकाळी ड्रोन घेऊन येतो. कात्री आणि काळा कागदही आणतो.