सेंद्रिय-नैसर्गिक खाण्याने तुमच्या घरात नेमकं काय बदललं?

मागच्या वर्षी दिवाळीनंतर ह्यांची तीन महिन्यांची सरासरी साखर तपासली, ती ८.६ निघाली. डॉक्टरांनी गोळी वाढवली आणि खाण्याबद्दल दोनच वाक्यं सांगितली. त्या दोन वाक्यांवर मी सगळं स्वयंपाकघर बदललं. रात्रीची पोळी बंद करून ज्वारीची भाकरी आणली. पांढऱ्याशुभ्र तांदळाऐवजी हातसडीचा इंद्रायणी, डब्यातल्या रिफाइंड तेलाऐवजी लाकडी घाण्याचं करडईचं तेल. भाजी घ्यायला लागले ती शनिवारी सोसायटीच्या फाटकाशी पुरंदरहून येणाऱ्या एका शेतकऱ्याकडून. तो म्हणतो, औषधं मारत नाही.

वर्षानं साखर ७.१ आली. गोळ्या चालू आहेत, हे मुद्दाम लिहिते. महिन्याचं किराणा-भाजीचं बिल साडेसात हजारांवरून अकरा हजारांच्या आसपास गेलं.

आता खरा प्रश्न. यातलं कामी काय आलं? आम्ही जेवणाची वेळ साडेनवावरून साडेसातवर आणली, चहाबरोबरची बिस्किटं सोडली, जेवल्यावर वीस मिनिटं चालतो. सेंद्रिय भाजीचा यात वाटा किती, मला सांगता येत नाही. एक मात्र नक्की, त्या भाजीला चव आहे. मेथीची जुडी आमच्याकडे पूर्वी पिवळी पडून जायची, आता आणल्या दिवशी संपते. आमच्या पोटात भाजी दुप्पट जायला लागली आहे.

तुम्ही काय बदललंत, काय परवडलं, काय सोडून द्यावं लागलं, फसवणूक झाली का, सगळं लिहा. पिकवणाऱ्यांनी तर नक्की लिहा.

कोल्हापूर, कागल भागातून

आमचं गुऱ्हाळ आजोबांपासूनचं, म्हणून गुळाबद्दल लिहितो. रस काहिलीत उकळायला लागला की मळी वर येते. ती धरायला पूर्वी रानभेंडी ठेचून तिचं चिकट पाणी टाकायचे. त्यात मळी गोळा होते, झाऱ्यानं काढली की रस स्वच्छ. चुलवाणाला जाळ किती, काहील कधी उतरायची, हे गुळव्याच्या डोळ्यावर. असा गूळ तांबूस-तपकिरी होतो.

पण बाजार पिवळा गूळ मागतो. अडतीत दोन ढेपी शेजारी ठेवल्या की पिवळीला भाव जास्त. म्हणून हायड्रॉस पावडर आली, म्हणजे सोडियम हायड्रोसल्फाइट. चिमूटभर टाकली की रंग उजळतो, आणि गंधकाचा अंश गुळात राहतो. आम्हीही कित्येक हंगाम टाकली. नऊ वर्षांपूर्वी वडिलांनी थांबवली. पहिल्या दोन हंगामांत तोटा झाला, कारण आमचा माल अडत्याला 'काळा' वाटायचा. आता पुण्यातली चाळीस-पन्नास घरं थेट नेतात म्हणून टिकलो.

गडद दिसतो म्हणून गूळ चांगला असं मात्र धरू नका. जाळ जास्त होऊन करपलेल्या रसाचा गूळही गडदच होतो. ओळखीचं गुऱ्हाळ बघा, हंगामात एकदा प्रत्यक्ष जाऊन उभे राहा. कोणीही नाही म्हणणार नाही, उलट गरम काकवी हातावर देतील.

ताईंना अजून एक सांगतो. माझे वडीलच मधुमेही आहेत. "आपला गूळ शुद्ध" म्हणून ते चहात दोन चमचे घालायचे, आणि त्यांची साखर खाली येईना. शुद्ध गूळ हीसुद्धा शेवटी साखरच. आता त्यांचा चहा बिनगुळाचा.

यवतमाळ जिल्हा

खाणाऱ्याच्या तब्येतीचं सगळे लिहितात, मी फवारणाऱ्याच्या तब्येतीचं लिहितो.

२०१७ च्या पावसाळ्यात आमच्या जिल्ह्यात पऱ्हाटीवर, म्हणजे कपाशीवर, फवारणी करताना विषबाधा होऊन वीसेक कास्तकार आणि मजूर गेले. माझा मोठा भाऊ त्या साली वाचलेल्यांतला आहे. आमची पऱ्हाटी डोक्याच्या वर गेली होती. पंपाची नळी वर धरून मारायचं, वाऱ्यानं सगळं तोंडावर यायचं. अंगात बनियन, तोंडाला साधा दुपट्टा. दुपारी तो धुऱ्यावर येऊन बसला आणि म्हणाला डोळ्याला दिसत नाही. मग उलट्या, घाम, हातपाय थरथरायला लागले. नऊ दिवस दवाखान्यात होता. आजही उन्हात चाललं की त्याला भोवळ येते.

त्या वर्षानंतर आईनं वावरातला दोन एकराचा तुकडा वेगळा काढायला लावला. "घरच्यांनी खायचं ते याच्यातलं." त्यात तूर, ज्वारी, मूग, थोडा भाजीपाला. नैसर्गिक शेतीचा प्रचार करणारे सुभाष पाळेकर आमच्या विदर्भातले, अमरावती जिल्ह्यातल्या बेलोऱ्याचे. त्यांच्या पद्धतीचं जीवामृत करतो. दोनशे लिटर पाण्याच्या ड्रमात दहा किलो ताजं शेण, तेवढंच गोमूत्र, दोन किलो गूळ, दोन किलो बेसन, बांधावरची मूठभर माती. रोज काठीनं ढवळायचं, दोन-तीन दिवसांत एकराला सोडायचं. किडीसाठी दशपर्णी. कडुनिंब, सीताफळ, करंज, निरगुडी, पपई, घाणेरी, मिळेल तो कडू-उग्र पाला कुजवून अर्क गाळायचा. वास असा की कपडे वेगळे धुवावे लागतात, पण तो मारून भाऊ घरी येतो तेव्हा आई काळजीनं दारात उभी राहत नाही.

पहिल्या साली तुरीचं पीक निम्म्यावर आलं. तिसऱ्या साली सावरलं, तरी खताच्या वावराइतकं अजून नाही. आणि पऱ्हाटीवर आम्ही अजूनही औषध मारतो, ते लपवत नाही. बँकेचं कर्ज तिच्यावरच फिटते. फक्त आता सकाळी लवकर, वारा पाहून, हातमोजे-चष्मा-मास्क घालून, आणि भावाला पंप उचलू देत नाही.

शहरातल्या माणसाच्या पोटात कणभर जात असेल. आमच्या अंगावर पंपभर सांडते जी. तुम्ही सेंद्रिय तुरीला किलोमागे तीस रुपये जास्त देता तेव्हा ते कशाचे देता, ते सांगावंसं वाटलं.

ठाणे

सासूबाई रोज सकाळी कच्च्या दुधीचा रस घ्यायच्या. दुधी गच्चीतल्या वेलावरचा, शेणखतावर वाढलेला, एक थेंब औषध नाही. एका सकाळी रस कडू लागला. कडू म्हणजे गुणकारी असं समजून त्यांनी पूर्ण पेला संपवला. तासाभरात उलट्या, त्यात रक्त, रक्तदाब एकदम खाली. तीन दिवस अतिदक्षता विभागात काढले.

दुधी, काकडी, दोडका या कुळात कुकुरबिटासिन नावाचं कडू द्रव्य असतं. कधी एखाद्या फळात ते फार वाढतं आणि ते विषारी आहे. बाहेरून काही कळत नाही. २०१० मध्ये दिल्लीतले एक शास्त्रज्ञ असाच कडू रस पिऊन दगावले होते. चिरल्यावर एक कपची जिभेला लावा, कडू असेल तर थुंका आणि सगळा दुधी टाकून द्या. आमच्या घरी आता दुधी फक्त शिजवून.

गोवा, सत्तरी

आमच्याकडे हे खाणं नवीन नाही, मधली पंधरा वर्षं ते सुटलं होतं एवढंच. लहानपणी सकाळी दहाला उकड्या तांदळाची पेज, तोंडी लावायला मिठातली तोरं, म्हणजे कैऱ्या, किंवा भाजलेली सुकी मासळी. मग मुलांना टोस्ट आणि कॉर्नफ्लेक्सची सवय लागली. आता पुन्हा पेज. भात सालासकट उकडून मग कांडतात, त्यामुळे सालीजवळचं ब जीवनसत्त्व दाण्यात उतरतं आणि कांडल्यावरही बरंचसं टिकतं. मुलगा दुपारी एकपर्यंत खायला मागत नाही, हा माझा अनुभव.

निफाड, द्राक्षबाग

सेंद्रिय म्हणजे फवारणीच नाही, असं इथे काहींना वाटत असेल तर ते दुरुस्त करतो. मोरचूद आणि चुना यांचं बोर्डो मिश्रण सेंद्रिय प्रमाणपत्राखालीही ठरलेल्या मर्यादेत चालतं. छाटणीनंतर पाऊस लागून राहिला आणि दव पडलं की डाऊनी हा बुरशीचा रोग दोन दिवसांत घड घालवतो. त्या वेळी नुसत्या गोमूत्रावर बाग उभी राहिलेली मी आमच्या शिवारात बघितलेली नाही. कोणाची राहिली असेल तर त्यांच्याकडे शिकायला जाईन.

मी सेंद्रिय करत नाही. अवशेषमुक्त करायचा प्रयत्न करतो. २०१० साली सीसीसी या वेलीची वाढ रोखणाऱ्या औषधाचे, म्हणजे क्लोरमेक्वाट क्लोराइडचे अंश सापडले म्हणून युरोपात आपल्या द्राक्षांचे कंटेनर अडकले आणि आमच्याकडे घरोघरी रडारड झाली. त्यातून आम्ही शिकलो. कोणत्या औषधानंतर किती दिवसांनी काढणी करायची, ते अंतर मी भिंतीवरच्या तक्त्यात लिहितो. निर्यातीच्या प्लॉटचा नमुना प्रयोगशाळेत जातो, अहवाल आल्याशिवाय एक घड तुटत नाही. माझ्या नातवंडांना मी त्याच प्लॉटमधली द्राक्षं देतो.

मला सलते ती गोष्ट अशी, की आपल्या गावच्या मंडईत जाणाऱ्या मालाचा अहवाल कोणी मागत नाही. तुम्ही मागायला लागा. दहा ग्राहकांनी विचारलं तर व्यापारी अकराव्याला स्वतःहून सांगेल.

लातूर

आम्ही दीड वर्षानं सोडलं. दोघांच्या पगारात दोन मुलं आणि घराचा हप्ता. सेंद्रिय डाळी, सेंद्रिय तांदूळ, सेंद्रिय मसाले, सगळं एका दुकानातून घ्यायचो. एकदा पिशवीवर कसलीच खूण दिसली नाही म्हणून प्रमाणपत्र विचारलं. दुकानदार म्हणाला, "विश्वासावर चालतं." त्या दिवशी माझा विश्वास गेला.

आता ज्वारी आणि हरभरा मामांच्या शेतातून वर्षाचा एकदम येतो, निवडून डब्यात भरतो. कोथिंबीर, मेथी, पालक कुंड्यांत. बाकी भाजी मंडईतलीच. ती वाहत्या पाण्याखाली चोळून धुते, कोबीची वरची दोन पानं काढते. याहून जास्त आम्हाला जमत नाही, आणि मुलं ठणठणीत आहेत.

पीजीएस गटातला शेतकरी, सातारा

लातूरच्या ताईंसाठी. पिशवीवर 'जैविक भारत'ची खूण बघा. तिच्यामागे दोन रस्ते आहेत. एक एनपीओपी, त्यात बाहेरची संस्था येऊन तपासते, खर्च मोठा, निर्यातीला तोच लागतो. दुसरा पीजीएस, म्हणजे आम्ही गटातले शेतकरीच एकमेकांची शेतं तपासतो. माझ्या शेतात युरियाचं रिकामं पोतं दिसलं तर शेजारी लिहितो, कारण एकामुळे सगळा गट अडकतो. रसायनं थांबवली की लगेच सेंद्रिय म्हणता येत नाही. हंगामी पिकांना साधारण दोन वर्षं, फळबागेला तीन वर्षं रूपांतराची धरतात. तोवर माल 'पीजीएस-ग्रीन'. ही मधली वर्षं सगळ्यात जड असतात, उत्पन्न घटलेलं आणि भाव मात्र साधाच. ग्रीनचा माल घेणारी चार गिऱ्हाइकं मिळाली नसती तर मी मागे फिरलो असतो.

आहारतज्ज्ञ, नागपूर

धाग्यातल्या पहिल्या प्रश्नावर. २०१२ मध्ये स्टॅनफर्डच्या डॉक्टरांनी दोनशेहून जास्त अभ्यास एकत्र करून पाहिले. सेंद्रिय अन्न ठळकपणे जास्त पौष्टिक असल्याचा भक्कम पुरावा मिळाला नाही, पण कीटकनाशकांचे अंश मिळण्याची शक्यता कमी होती. २०१४ मधल्या दुसऱ्या मोठ्या विश्लेषणात सेंद्रिय पिकांत अँटिऑक्सिडंट जास्त आणि कॅडमियम हा विषारी धातू कमी आढळला. तुमच्या ह्यांची साखर मुख्यतः भाकरी, भाजी, चालणं, लवकरचं जेवण आणि गोळी यांनी उतरली, असं माझं मत. भाजी दुप्पट झाली ती चवीमुळे, हे तुम्हीच लिहिलं आहे, आणि माझ्या दृष्टीनं ते फार मोलाचं आहे.

एक काळजीची विनंती. 'नैसर्गिक' म्हणून घरातलं सगळं मीठ बंद करून फक्त सैंधव वापरणारी कुटुंबं माझ्याकडे वारंवार येतात. साध्या सैंधवात पुरेसं आयोडीन नसतं. घरात गर्भवती किंवा लहान मूल असेल तर आयोडीनयुक्त मीठ सोडू नका. आणि वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवू नका, तो कितीही शुद्ध असला तरी.

जर्मनीहून

इथे अंड्यावर आकडा छापलेला असतो. पहिला आकडा ० म्हणजे सेंद्रिय, १ मोकळ्या आवारातल्या कोंबड्या, २ बंद शेडमध्ये जमिनीवर वाढवलेल्या, ३ पिंजऱ्यातल्या. दुकानात उभं राहून एका नजरेत कळतं. आईला व्हिडिओ कॉलवर अंडं दाखवलं तर ती म्हणाली, आपल्या अंगणातल्या कोंबडीला आकडा लागत नव्हता. पण आता आईही मुंबईत बाराव्या मजल्यावर राहते, तिला तो आकडा हवाच आहे.

अकोले, प्राथमिक शिक्षक

आमच्या तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या, देशी बियाणं जपणाऱ्या राहीबाई पोपेरे यांना २०२० चा पद्मश्री मिळाला, तेव्हा आमच्या शाळेतल्या पोरांना पहिल्यांदा वाटलं की आपल्या आजीच्या मडक्यातलं बी ही मोठी गोष्ट आहे. मग प्रत्येकानं घरून एक वाण आणलं. वाल, घेवडा, डांगर, वांगी. शाळेमागे चार वाफे केले. घेवड्याची भाजी डब्यात आली की पूर्वी लपवणारी मुलं आता विचारतात, "सर, हा कोणाच्या बियाचा?" त्यांच्या तब्येतीत काय फरक पडला ते मी मोजलेलं नाही. ताटात भाजी उरत नाही, एवढं रोज बघतो.

पुन्हा मी

सगळं दोनदा वाचलं. यवतमाळच्या दादांचं ह्यांना मोठ्यानं वाचून दाखवलं, नंतर बराच वेळ आम्ही दोघंही बोललो नाही.

काल शनिवार होता. आमच्या पुरंदरच्या शेतकऱ्याला विचारलं, किती वर्षं झाली, प्रमाणपत्र आहे का. तो म्हणाला, "ताई, तिसरं वर्ष आहे, कागद अजून नाही. रविवारी या, बघून जा." आज आम्ही दोघं जाऊन आलो. मेथी, कांदापात, घेवडा, बांधाला कडुनिंब, गोठ्यामागे जीवामृताचा निळा ड्रम. पश्चिमेला शेजाऱ्याचं टोमॅटोचं शेत, तिथं फवारणी चालली होती आणि वारा इकडेच होता. मी काही विचारायच्या आत तो म्हणाला, "त्या कडेच्या चार सऱ्या मी तुमच्याकडे आणत नाही. त्या मंडईत जातात, साध्या भावात."

येताना दोन जुड्या मेथी घेतली. रात्री भाकरीबरोबर ती संपली.