मदत हवी आहे: पावसाळ्याआधी वळचणीची पट्टी बदलायची आहे, लाकूड घालू, सिमेंट बोर्ड की डब्ल्यूपीसी (लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक मिसळून केलेली फळी)?

नमस्कार मंडळी, आमचं गावाकडचं घर बेळगाव जिल्ह्यात, खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या पुढं कणकुंबीच्या वाटेवर. तिथला पाऊस माहीत असेलच तुम्हाला, जूनमध्ये एकदा लागला की गणपतीपर्यंत भिंतीची ओल जात नाही. घर चिऱ्याचं, वर मंगलोरी कौलं, आणि वाशांच्या टोकांना आजोबांनी करून घेतलेली सागवानी नक्षीची झालर, तीच ही वळचणीची पट्टी.

पाडव्याला गेलो तेव्हा शिडी लावून बघितलं. पश्चिमेकडं वरनं ऑइल पेंट चांगला दिसतोय पण अंगठा दाबला तर पेरभर आत गेला हो, आणि पन्हळीच्या मागं वाळवीची मातीची नळी पार वाशापर्यंत चढलीय. पाच वर्षांमागं एका सुतारानं मधला तुकडा बदलून दिलेला, त्यानं पॅकिंगचं पाईन घातलं हे आम्हाला नंतर कळलं, त्याचा तर नुसता भुसा राहिलाय. पूर्वेकडची जुनी फळी मात्र अजून टणक आहे.

एकूण साठेक फूट पट्टी, नऊ इंच रुंद. बेळगावात दुकानदार डब्ल्यूपीसीच घ्या म्हणालेत, वाळवी नाही, रंग नाही. पण शहापुरात मित्राच्या गॅलरीला तीच लावलेली ती दोन उन्हाळ्यात फुगून मधनं बाहेर आलीय. गावचा मिस्त्री म्हणतोय फणस नाहीतर होन्ने (बिबळा) घाला, दुसरं काही टिकत नाही. फायबर सिमेंट बोर्डाचं पण ऐकलंय पण आमच्याकडं कुणी लावलेलं बघितलं नाही. आई एकटी असते तिथं, दरवर्षी सुतार शोधत फिरणं जमत नाही, त्यामुळं एकदाच नीट करायचंय. कुणी वापरलं असेल तर सांगा प्लीज.

प्रतिसाद:
दादा, मटेरियल नंतर बघा, आधी पाणी कुठनं येतंय ते बघा. पूर्वेची फळी टणक आणि पश्चिमेची गेली, म्हणजे लाकडाचा दोष नाही. शेवटच्या ओळीचं कौल पन्हळीच्या आत दोनेक इंच यायला पाहिजे, नाहीतर पाणी मागं वळून फळीवरनंच उतरतं. तसं असेल तर कौलाखालनं पन्हळीत उतरणारी पत्र्याची पट्टी घाला, नाहीतर सोनं लावलं तरी उपयोग नाही.

मित्राची पट्टी फुगली कारण सांध्यात जागा सोडली नसणार. प्लास्टिक उन्हात वाढतं, दहा फुटाला चार-पाच मिलिमीटर सहज, आणि दोन्हीकडनं घट्ट बसवली तर जाणार कुठं, मधनंच फुगणार.

माझं मत फायबर सिमेंट. कुजत नाही, वाळवी खात नाही. पण कापलेल्या कडा पाणी पितात म्हणून वर चढवायच्या आधीच कडांना आणि मागच्या बाजूला प्रायमर पाहिजे, सांध्यात थोडी फट ठेवून सीलंट, स्क्रूला आधी भोक पाडायचं, स्क्रू स्टेनलेसचे. कापताना तोंडाला मास्क बांधायला लावा, ती धूळ फुफ्फुसाला लई वाईट. लाकूडच घालायचं असेल तर फळीच्या सहाही बाजू रंगवून मगच चढवायची. सुतार फक्त दर्शनी बाजू रंगवतात आणि टोकाकडनं पाणी शिरतं. आणि वाळवी वाशात गेली असेल तर वासे टोचून बघितल्याशिवाय त्यावर काहीच ठोकू नका.

धागाकर्ता:
खूप आभार काका. काल आईला फोन करून शेजारच्या पोराकडनं कौलावर कळशीभर पाणी ओतायला लावलं, तुम्ही म्हणता तसंच झालं, निम्मं पाणी पन्हळीच्या मागनंच गळतंय. दोन वासे पण टोकाला मऊ लागालेत, ते आधी बदलतो. पश्चिमेला फायबर सिमेंट नक्की केलं. पूर्वेची आजोबांची झालर काढायचं मन होत नाही, ती खरवडून परत रंगवायची म्हणतोय. नक्षीच्या खाचांत जुना रंग घट्ट बसलाय, लाकूड न दुखवता तो कसा काढायचा तेवढं कुणी सांगा.