डुप्लिकेट दिसले की लावा डिस्टिंक्ट, हे कोणी शिकवलं?

क्वेरीकाका
काल इथेच एसक्यूएलबद्दल, म्हणजे डेटाबेसला प्रश्न विचारायच्या भाषेबद्दल, एक टीप आली: "ओळी दोनदा येत असतील तर सिलेक्टपुढे डिस्टिंक्ट लावा, विषय संपला." खाली लाइकच्या अंगठ्यांची रांग. अहो, डिस्टिंक्ट सारख्या ओळी फक्त एकदाच दाखवतं, विषय तिथून सुरू होतो.

आपल्या नागपुरातल्या धरमपेठेतला एक ग्राहक घ्या. पावत्या तीन: ५००, ५०० आणि ८००. तक्रारी दोन. ग्राहक, पावत्या, तक्रारी ही तिन्ही टेबलं ग्राहक क्रमांकावर जोडली की तीन गुणिले दोन, सहा ओळी. बेरीज यायला हवी १८००, येते ३६००. मग टीपवाले सममध्ये (बेरजेच्या फंक्शनमध्ये) डिस्टिंक्ट घालतात आणि येतात १३००, कारण ५००च्या दोन खऱ्या पावत्यांपैकी एक गिळली गेली. ३६०० निदान कोणाच्या तरी डोळ्यात खुपतात, १३०० बिनबोभाट रिपोर्टात जातात.

पावत्यांची बेरीज वेगळ्या सबक्वेरीत (क्वेरीच्या आतल्या क्वेरीत) ग्राहक क्रमांकावर ग्रुप बाय करून, म्हणजे गट पाडून, आधी काढा, तक्रारींची मोजणी दुसरीत, आणि मग जोडा. तक्रार आहे की नाही एवढंच हवं असेल तर एक्झिस्ट्स वापरा, ओळी वाढतच नाहीत. नेमकं कुठे फुगतंय ते कळत नसेल तर सगळे जॉइन (टेबलांच्या जोडण्या) काढून एकेक परत टाका आणि दरवेळी काउंट स्टार, म्हणजे एकूण ओळी, बघा. आकडा जिथे उडी मारतो तो तुमचा गुन्हेगार.

तर्री_पोहे
काका, मग काय डिस्टिंक्टला देशोधडीला लावता? ड्रॉपडाउनमध्ये वॉर्डांची यादी पाहिजे, वॉर्डाचं वेगळं टेबल नाही, तिथं काय एक्झिस्ट्स लिहू? एसक्यूएल आपणहून डुप्लिकेट काढत नाही, म्हणून तर हा शब्द दिला आहे. तुम्ही लोकं साध्या गोष्टीचं उगाच मोठं करून राहिले.

क्वेरीकाका
वॉर्डांच्या यादीला कोण अडवतंय? सात टेबलांच्या जॉइनवर वरून डिस्टिंक्ट ओतायचं, त्याला माझा विरोध आहे. नीट वाचा.

इंडेक्स_ताई
दोघंही मूळ घोळ सोडून बोलताय. ती टीप टाकणाऱ्याने उदाहरणात डिस्टिंक्टनंतर कंसात वॉर्ड लिहून पुढे नाव, तारीख असे कॉलम दिलेत. त्या कंसाला काडीचा अर्थ नाही. डिस्टिंक्ट अख्ख्या ओळीला लागतं. तारीख वेगळी असली की ओळ वेगळी.

प्रत्येक ग्राहकाची शेवटची पावती हवी असेल तर ओळींना क्रमांक देणारं रो नंबर घ्या, पार्टिशन बाय ग्राहक क्रमांक (दर ग्राहकाला क्रमांक १ पासून), ऑर्डर बाय तारीख उतरती, आणि बाहेरच्या क्वेरीत फक्त १ नंबरची ओळ ठेवा. तारखेमागे पावती क्रमांकही लावा, नाहीतर एकाच दिवशीच्या दोन पावत्यांपैकी आज एक येईल, उद्या दुसरी. डेटाबेस मायएसक्यूएल असेल तर आवृत्ती ८ लागते. पोस्टग्रेस या दुसऱ्या डेटाबेसमध्ये दर गटाची पहिली ओळ ठेवणारं डिस्टिंक्ट ऑन आहे, पण ऑर्डर बायची सुरुवात त्याच कॉलमांनी करावी लागते.

आणि कृपा करून रो नंबर असलेल्या त्याच सिलेक्टवर डिस्टिंक्ट लावू नका. नंबर आधी पडतात, डिस्टिंक्ट नंतर चालतं. एकाच ग्राहकाच्या प्रत्येक ओळीचा नंबर वेगळा, म्हणजे काहीच गळत नाही.

तर्री_पोहे
आता कोणी येऊन सांगेल की डिस्टिंक्टपेक्षा ग्रुप बाय फास्ट. सांगा बाप्पा, तेवढंच राहिलं.

इंडेक्स_ताई
सांगत नाही. साध्या यादीला आजच्या पोस्टग्रेसमध्ये दोन्हींचा प्लॅन (क्वेरी चालवायची पद्धत) बहुतेक सारखाच येतो. तो प्लॅन दाखवणाऱ्या एक्सप्लेन ॲनालाइझमध्ये "एक्स्टर्नल मर्ज" दिसलं तर सॉर्ट डिस्कवर गेलंय. वर्क मेम, म्हणजे सॉर्टला मिळणारी मेमरी, मुळात ४ एमबी असते, तेवढ्या सेशनपुरती वाढवून बघ.

बर्डीवाला
तुम्ही जॉइनवर भांडत बसा. इथली खरी भानगड डेटातच आहे. एरियाच्या कॉलमवर डिस्टिंक्ट मारा: सीताबर्डी, सिताबर्डी, बर्डी, आणि मागे स्पेस असलेली आणखी एक सीताबर्डी. चार ओळी, एकच जागा. यात काय डिस्टिंक्ट करणार आणि काय एक्झिस्ट्स?

तर्री_पोहे
ट्रिम लाव ना बे, मागची स्पेस उडते.

बर्डीवाला
लावून पाहा. वेबपेजवरून कॉपी केलेल्या मजकुरात नॉन-ब्रेकिंग स्पेस येते, दिसायला साध्या स्पेससारखी पण वेगळं अक्षर, साधी ट्रिम तिला हातही लावत नाही. आणि नावांकडे तर अजून आलोच नाही. वऱ्हाडे हे आडनाव दोन तऱ्हांनी साठवलेलं सापडतं: एकात ऱ आणि हलन्त (पाय मोडायचं चिन्ह), दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि अदृश्य झिरो विड्थ जॉइनर. स्क्रीनवर दोन्ही हुबेहूब, डेटाबेसला दोन माणसं. हायकोर्टाचं खंडपीठ इथेच, त्यामुळे यादीत वकीलही रग्गड. त्यांचं "ॲड." कुठे ॲ या एकाच अक्षराने लिहिलेलं, कुठे अ वर चंद्र देऊन केलेलं. जुन्या फॉन्टातून युनिकोडमध्ये आणलेल्या फायलींत तर सगळीच सरमिसळ. कन्व्हर्टर चालवणारा बिल घेऊन जातो, निस्तरायचं आपण.

इंडेक्स_ताई
पोस्टग्रेस १३ पासून नॉर्मलाइझ फंक्शन आहे. एनएफसी, म्हणजे तुकड्यांत टाइप केलेली अक्षरं जोडणारं युनिकोडचं प्रमाण रूप, करून घ्या.

बर्डीवाला
ताई, तेवढ्याने भागत नाही. र खाली नुक्ता (टिंब) वेगळा टाइप केला असेल तर एनएफसी त्याचा ऱ करतं, कबूल. पण जॉइनरवाला र आणि ऱ यांना ते एक मानत नाही. ॲ आणि अ+चंद्र यांनाही नाही, कारण युनिकोडने ॲ स्वतंत्र अक्षर म्हणून दिलाय, तोही २००८ साली. त्याआधीच्या फायलींत तो येणार कुठून?

क्रम असा ठेवा. आधी र-हलन्त-जॉइनर या तिकडीच्या जागी ऱ-हलन्त. मग अ+चंद्रच्या जागी ॲ. मग उरलेले जॉइनर काढा. मग एनएफसी. मग नॉन-ब्रेकिंग स्पेसची साधी स्पेस, दोन स्पेसची एक, आणि शेवटी ट्रिम. जॉइनर आधी उडवलात तर वऱ्हाडेचा वर्हाडे होतो, र थेट ह च्या डोक्यावर. मग तिसरं माणूस जन्माला येतं.

क्वेरीकाका
हे सगळं बरोबर, पण माझ्या मुद्द्याशी याचा संबंध काय? मी जॉइनबद्दल बोलतोय.

बर्डीवाला
संबंध हा की एकाच माणसाला दोन वेगळे ग्राहक क्रमांक दिलेले असतात. मग करा जॉइन शुद्ध मनाने.

तर्री_पोहे
हाव, हे बरोबर बोलला. नाव साफ करायचं, बापाचं नाव साफ करायचं, दोन्ही जुळले की एक ओळ ठेवून बाकीच्या डिलीट. झालं.

क्वेरीकाका
डिलीट? एकाच गावात त्याच नावाचे, त्याच बापाच्या नावाचे दोन शेतकरी असतात की नाही? एकाचा सातबारा दुसऱ्याला चिकटवणार का? अशा लोकांच्या हाती प्रॉडक्शनचा, म्हणजे चालत्या डेटाबेसचा, पासवर्ड देतं तरी कोण?

तर्री_पोहे
पासवर्डाचं बोलू नका काका. तुमच्यासारखे नियम सांगत बसतात, रात्री अकराला रिपोर्ट आम्हालेच द्यावा लागतो.

इंडेक्स_ताई
दोघंही शांत व्हा. साफ केलेलं नाव वेगळ्या कॉलमात ठेवायचं, मूळ नाव जसंच्या तसं. जुळलेल्या जोड्यांची यादी काढायची, ग्रुप बाय आणि हॅविंग काउंट एकपेक्षा जास्त. ती माणसाने मोबाइल नंबर आणि जमिनीचा गट नंबर पाहून मंजूर करायची. मग जुन्या क्रमांकाच्या पावत्या नव्या क्रमांकावर वळवायच्या, आणि सगळ्यात शेवटी डिलीट, तेही ट्रान्झॅक्शनमध्ये, म्हणजे चुकलं तर मागे फिरता येईल.

तर्री_पोहे
ठीक आहे, एवढं मान्य. पण पुन्हा येऊ नये म्हणून युनिक, म्हणजे तीच नोंद दुसऱ्यांदा न घेणारी अट, तर लावू द्याल? साफ नाव, बापाचं नाव, मोबाइल. की त्यालाही विरोध?

क्वेरीकाका
लावा. फक्त मोबाइल रिकामा म्हणजे नल असेल तर पोस्टग्रेसचं युनिक दोन नलांना वेगळं समजतं, तीच जोडी बिनधास्त आत शिरते. तुमचं लाडकं डिस्टिंक्ट मात्र नलांना एकच धरतं, आणि काउंट डिस्टिंक्ट तर त्यांना मोजतच नाही. १५ व्या आवृत्तीपासून नल्स नॉट डिस्टिंक्ट असं लिहून युनिक करता येतं.

बर्डीवाला
आणि ज्या दोघांकडे मोबाइलच नाही ते? नाव एक, बापाचं नाव एक, मोबाइल दोघांचाही नल. खरा दुसरा शेतकरी नोंदणीला आला की खिडकीवरूनच परत जाईल.

क्वेरीकाका
मग गट नंबरही घ्या त्यात. तो रिकामा ठेवून फॉर्म स्वीकारणाऱ्याला मी काय करू?