नवा बोअर मारायच्या आधी

सरपंचदादा: उद्या बोअरची गाडी येऊन रायली. पाणाड्यानं शाळेमागं पॉइंट दाखवला. यंदा ४०० फूट जाऊ, पाण्याची कटकटच मिटवू.

अंगणवाडीताई: दादा, पाणी लागंल, पण कसं लागंल? लहान पोरायच्या समोरच्या दातांवर तपकिरी आडवे पट्टे आहेत. दोन्ही बाजूच्या दातांवर सारखेच, घासून जात नाहीत. असे पट्टे पाण्यातल्या जास्तीच्या फ्लोराइड क्षारानं पडतात. जुन्या बोअरचं पाणी तपासणीच्या किटवर पाहिलं, फ्लोराइड लिटरमागं १.५ मिलिग्रॅमच्या वर दाखवते.

काकाजी: पाणी तं काचेवानी साफ आहे. उकळून पाजा.

गुरुजी: काकाजी, फ्लोराइडला रंग नाही, वास नाही. उकळलं की पाणी उडून जातं, फ्लोराइड भांड्यातच राहून उलट वाढतं. लिटरमागं १ मिलिग्रॅम ही मर्यादा आहे. दुसरं पाणीच नसेल तर १.५ पर्यंत. आपल्या पांढरकवड्याच्या पट्ट्यात हा त्रास जुनाच आहे. दादा, खोल गेल्यानं तो बहुतेक वाढेल. वरचं पाणी दर पावसात नवं होतं. खालचं वर्षानुवर्षं खडकाच्या भेगांत मुरतं. तिथं अभ्रक, ॲपेटाइटसारख्या खनिजांतून फ्लोराइड सुटतं. पाण्यात चुना, म्हणजे कॅल्शियम, असला तर तो त्याला बांधून खाली बसवतो, पण खोल पाण्यातला चुना आधीच खडकात बसलेला असतो. म्हणून पाणी सॉफ्ट लागतं, साबणाला फेस भरपूर येतो. तसल्या पाण्यावर जास्त लक्ष ठेवा.

सरपंचदादा: मंग करावं काय?

गुरुजी: मारुतीजवळची जुनी विहीर. वर माती, मग मुरूम, खाली काळा गोटा. मुरमातले झरे अजून चालू आहेत. गाळ काढू, पाणी भूजल सर्वेक्षणच्या लॅबला पाठवू. नायट्रेट आणि जंतूही तपासायचे, कारण उघड्या विहिरीत तोच धोका. जमलं तर पिण्याला विहीर, धुण्याभांड्याला बोअर.

पिंटूची आई: बोअरमंदी फिटकरी फिरवली तं?

गुरुजी: वहिनी, नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेनं फ्लोराइड काढायला चुना-फिटकरीची नालगोंडा पद्धत काढली, ती खरीच आहे. पण मात्रा त्या-त्या पाण्यावर ठरते, अंदाजानं टाकू नका.

काकाजी: विहिरीला लागून उकिरडा आहे. आधी तो हलवा, मंग गाळ.

सरपंचदादा: गाडीवाल्याले थांबवतो. रिपोर्ट येईस्तोवर बोअर नाही. ताई, विहिरीचं पाणी पण किटवर पाहून घ्या.

अंगणवाडीताई: सकाळीच घेते. स्वच्छ धुतलेली बाटली लागंल, कोल्ड्रिंकची नको.