७२ चाचण्या, पाच लाल आकडे आणि डॉक्टरांचा भलताच प्रश्न

निवांत_नाही

वय ४७. तक्रार काही नाही, पोट जरा सुटलंय इतकंच. ऑफिसात सगळ्यांनी केलं म्हणून मीही फुल बॉडी चेकअप करून घेतलं. ७२ चाचण्या, १९ पानी रिपोर्ट, त्यात पाच आकडे लाल. बिलिरुबिन १.५, ड जीवनसत्त्व कमी, बाकीच्या तिघांची तर नावंही धड वाचता येईनात. दोन रात्री गूगल करण्यात गेल्या.

तिसऱ्या दिवशी फाइल घेऊन फॅमिली डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी ती चाळली, बाजूला ठेवली आणि माझ्या दंडाला बीपीचा पट्टा बांधला. १४६/९२. मग विचारतात, ‘वडिलांना आतड्याचा कॅन्सर झाला होता ना? नक्की कितव्या वर्षी?’ म्हटलं, पन्नाशीत कधीतरी, ऑपरेशन झालं, आज ७९ चे आहेत, ठणठणीत. तर म्हणे, ‘नक्की वय विचारून या, मग पुढचं ठरवू.’ लाल आकड्यांबद्दल चकार शब्द नाही!

रिपोर्टात सीईए नावाचा कॅन्सर मार्कर आहे, तो नॉर्मल आलाय. म्हणजे आतड्याचा प्रश्न मिटला ना? की दुसऱ्या डॉक्टरांना दाखवू? आणि मुळात या वयाला खरंच कोणत्या तपासण्या लागतात? सिगरेट ओढायचो, दिवसाला सहा, पंधरा वर्षं. सोडून नऊ वर्षं झाली. जाणकारांनी सांगावं.

तिरकस

७३ वी चाचणी सुचवतो: रात्री अकरानंतर मोबाइल काढून घेणे. बिलिरुबिनलाही गुण येईल.

जुना_स्टेथो

२४ वर्षं जनरल प्रॅक्टिस करतोय. डॉक्टर बदलू नका. तुमच्या अख्ख्या पोस्टमधली महत्त्वाची ओळ त्यांनी बरोबर पकडली आणि तुम्ही ती जाता जाता लिहिलीत.

आधी लाल आकडे, म्हणजे झोप लागेल. नॉर्मल रेंज बहुतेक वेळा अशी ठरवतात की निरोगी माणसांपैकी ९५ टक्के तिच्यात बसावेत. म्हणजे धडधाकट माणसाचाही दर वीस चाचण्यांत एखादा आकडा बाहेर जाणार. ७२ केल्यात, हिशेबाने तीन-चार लाल यायचेच. तुमचे पाच आले. लिव्हरचे बाकी आकडे आणि हिमोग्लोबिन ठीक असेल तर १.५ बिलिरुबिन म्हणजे बहुधा गिल्बर्ट, जन्मापासूनची निरुपद्रवी ठेवण. ड जीवनसत्त्व बिनतक्रार माणसात मोजून काही साधतं, याला पुरेसा पुरावाच नाही.

मला काळजी वाटली ती काळ्या आकड्याची. सीईए हा मार्कर आतड्याच्या कॅन्सरवर उपचार झालेल्यांवर लक्ष ठेवायला वापरतात. सुरुवातीच्या टप्प्यात तो खुशाल नॉर्मल असतो. त्याच्या भरवशावर ‘प्रश्न मिटला’ म्हणणं म्हणजे कुलूप न लावता खिशातली किल्ली चाचपून निश्चिंत होणं.

आता वय कशाला विचारलं ते. घरात कुणाला हा आजार नसेल तर अमेरिकेतल्या प्रिव्हेंटिव्ह सर्व्हिसेस टास्क फोर्सच्या २०२१ च्या शिफारशीनुसार ४५ ते ७५ या वयात तपासणी करायची. दरवर्षी शौचातलं न दिसणारं रक्त शोधणारी फिट चाचणी, नाहीतर दर दहा वर्षांनी कोलोनोस्कोपी, म्हणजे नळीच्या कॅमेऱ्याने मोठं आतडं आतून बघणं, असे पर्याय असतात. पण आई, वडील किंवा सख्ख्या भावंडाला साठीच्या आत झाला असेल तर गणित बदलतं. मग थेट कोलोनोस्कोपी, तीही चाळिशीपासून किंवा त्यांना झाला त्या वयाच्या दहा वर्षं आधीपासून, जे आधी येईल ते, आणि दर पाच वर्षांनी. साठीनंतर झाला असेल तर चाळिशीपासूनच, पण नेहमीचे पर्याय चालतात. म्हणून ‘पन्नाशीत कधीतरी’ त्यांना पुरेना. मी असतो तरी हेच केलं असतं.

बीपी. दवाखान्यातल्या एका आकड्यावर गोळी सुरू करू नका आणि विसरूही नका. घरी आठवडाभर सकाळ-संध्याकाळ दोन-दोनदा मोजा. पाच मिनिटं टेकून बसून, पाय जमिनीवर, पट्टा उघड्या दंडावर, हात छातीच्या पातळीला, तोंड बंद. (बोलताना बीपी चढतं. माझ्या निम्म्या पेशंटना हे पटत नाही आणि ते मला बोलतच सांगतात.) पहिला दिवस सोडून सरासरी काढा. ती १३५/८५ किंवा वर असेल तर बीपी आहे असं धरायचं.

वजन जास्त आहे, तेव्हा साखर बघायलाच हवी. कोलेस्टेरॉल एकटं वाचू नका. वय, बीपी आणि साखरेसोबत हृदयाची जोखीम काढण्यापुरता त्याचा उपयोग. फुप्फुसाचा लो-डोस सीटी (कॅन्सर शोधायचा, कमी किरणांचा स्कॅन) तुम्हाला लागत नाही. तो पन्नाशीनंतर, किमान वीस पॅक-वर्षं झालेल्यांना. रोज वीस सिगरेटचं एक पाकीट, असं वर्षभर, म्हणजे एक पॅक-वर्ष. तुमची सहा भागिले वीस गुणिले पंधरा, म्हणजे साडेचार भरतात. प्रोस्टेट कॅन्सरसाठीच्या पीएसए या रक्तचाचणीबद्दल ५५ नंतर डॉक्टरांशी बोला. करायची की नाही ते नफा-तोटा ऐकून तुम्हीच ठरवायचं.

एक मात्र ध्यानात असू द्या: हे सगळं लक्षणं नसलेल्यांसाठी. शौचातून रक्त गेलं, वजन आपोआप उतरलं, तर स्क्रीनिंगच्या वयाची वाट बघायची नाही.

दवबिंदू

स्टेथोकाका, जादा चाचण्यांचा तोटा काय, असं विचारणाऱ्यांना दक्षिण कोरियाचं उदाहरण द्या ना. गळ्याची सोनोग्राफी सर्रास व्हायला लागली, २०११ पर्यंत थायरॉइड कॅन्सरचं निदान १९९३ च्या पंधरा पट झालं, मृत्यू मात्र होते तितकेच राहिले. हजारोंच्या ग्रंथी निघाल्या, गोळ्या जन्मभराच्या.

आणि हे मी तपासण्यांच्या विरोधात नसताना म्हणतेय. ४३ व्या वर्षी मॅमोग्राममध्ये (स्तनांचा एक्स-रे) ‘पुन्हा या’ आलं. आठ दिवस अन्न गोड लागलं नाही. निघाली साधी पाण्याची गाठ. तरीही दर दोन वर्षांनी जाते, गर्भाशयमुखाच्या कॅन्सरसाठीची एचपीव्ही चाचणीही पाच वर्षांनी करते.

कोलोनोस्कोपी आईची झालीय. तपासणी तिला आठवतही नाही, आदली रात्र मात्र ती विसरत नाही. ते औषधाचं पाणी गार करून, स्ट्रॉने प्या. आणि त्या रात्री बाथरूमवर तुमचाच हक्क, हे घरात आधीच जाहीर करा. तिचा एक पॉलिप, म्हणजे आतड्याच्या अस्तरावरचा छोटा कोंब, निघाला, तो तिथल्या तिथे काढला.

निवांत_नाही

सर्वांचे आभार. तिरकस, तुमचेही.

बाबांना फोन केला. म्हणाले, ‘५६ पूर्ण, रिटायरमेंटला दोन वर्षं होती.’ इतकं चोख लक्षात होतं, मीच कधी विचारलं नव्हतं. म्हणजे मला सात वर्षं उशीर झालाय. पुढच्या गुरुवारची वेळ घेतलीय.

घरच्या बीपीची सरासरी १३८/८७, त्यामुळे डॉक्टरांनी मीठ आणि वजनावर बोट ठेवलंय, महिन्याने परत बोलावलंय. निघताना त्यांनी विचारलं, भावंडं किती? धाकटी बहीण ४१ ची आहे. संध्याकाळी तिला फोन केला तर म्हणते, ‘अरे, माझं आत्ताच फुल बॉडी चेकअप झालं, सगळं नॉर्मल आहे.’ तिला या धाग्याची लिंक पाठवलीय. अजून उघडलेली दिसत नाही.