घासात पिवळी दोरी पसरलीय, घास मोडावा लागेल का?

चारगायी_श्रीरामपूर
राम राम मंडळी. १५ गुंठे लसूणघास आहे, आर.एल.-८८ जातीचा, दिवाळीनंतर पेरलेला. घरी चार गायी, दोन कालवडी. पहिल्या दोन कापण्या झकास झाल्या. तिसऱ्या वेळी विहिरीकडच्या कोपऱ्यात ताटाएवढा पिवळा डाग दिसला. मला वाटलं उपाशी पडलाय, म्हणून वरून मूठभर युरिया फेकला. (हसू नका.) आठ दिवसांत डाग खाटेएवढा झाला.

वाकून बघितलं तर शेवयांचा गुंता. पिवळे-नारिंगी धागे, पान एक नाही. ओढलं तर खाली मूळही नाही! घासाच्या काडीला वेटोळे घातलेत आणि जिथे टेकलेत तिथे बारीक गाठी, नखानेच सुटतात. पुतण्याने हौसेने दाताळं फिरवलं, तर आता आणखी तीन डाग.

आई म्हणते अमरवेल, बांधावरच्या बोरीवरची खाली उतरली. पण बोरीवरची सुतळीएवढी जाड, हिरवट. ही शिवणाच्या दोऱ्यासारखी. तीच का ही? घास न मोडता जाईल का? आणि डागातला चारा गायींना घालू का? बियाणं बाजारातून सुट्टं घेतलं होतं, ४ किलो, स्वस्त पडलं म्हणून.

फलटणची_ताई
भाऊ, पहिलं ते दाताळं लपवा. तुटलेला वीतभर तुकडासुद्धा दुसऱ्या काडीला टेकला की तिथे नवा संसार मांडतो.

आईंचं निम्मं बरोबर. दोन्ही अमरवेलीच, पण जात वेगळी. बोरीवरची आपल्याकडची जुनी. घासातली बारीक दोऱ्याची बहुतेक मूळची उत्तर अमेरिकेतली, ती बियाण्यातून येते. बोरीला उगाच दोष देऊ नका, तुमचं स्वस्त बियाणंच नडलंय.

डागाच्या कडेपासून दोन हात बाहेरपर्यंत जमिनीलगत कापा. उंच बुडखा ठेवलात तर त्यावर धागा राहतोच. कापलेलं ओढत नेऊ नका, जागेवरच वाळवून वर पाचट टाकून पेटवा. घासाची मुळी खोल असते, तो परत फुटतो. पांढऱ्या फुलांचे बारके झुबके दिसायच्या आत हे उरका. एकदा बी सांडलं की ते जमिनीत दहा-दहा वर्षं वाट बघत पडतं.

तणकट_७
एवढा खटाटोप कशाला? ग्लायफोसेट तणनाशक मारा, विषय संपला.

फलटणची_ताई
घासपण संपेल की दादा! पेंडीमेथालिन हे तणनाशक चालतं, पण ते बी उगवतानाच काम करतं. काडीला मिठी मारून बसलेल्या वेलीला त्याचं काही नाही. पुढच्या पेरणीला वापरायचं तर मात्रा कृषी सहायकाला विचारून घ्या.

आणि डागातला चारा नकोच. पोट बिघडायची भीती आहे, शिवाय बी धरलेलं असेल तर त्यातलं काही शेणातून जिवंत बाहेर पडतं. तेच शेणखत तुम्ही उद्या वावरात टाकणार.

बियाणेवेडा
उगवलेल्या रोपाला मूळ जवळपास नसतंच. शेंडा हवेत चाचपत फिरतो, आठ-दहा दिवसांत कुणी सापडलं नाही तर मरतो. म्हणून अशा तुकड्यात पुढे मका किंवा ज्वारी घ्या, त्यांच्यावर ती जगत नाही. कांदा मात्र नको, त्याच्यावर चढते.

बियाणं उरलं असेल तर चाळून बघा. घासाचं बी गुळगुळीत, मूत्रपिंडाच्या आकाराचं. हिचं त्याहून बारीक, गोलसर, खरबरीत. बियाणं साफ करणारे याच खरबरीतपणाचा फायदा घेतात. लोखंडाची पूड मिसळली की ती हिच्या बियांनाच चिकटते, मग चुंबकाने ओढून काढतात.

चारगायी_श्रीरामपूर
तीन आठवडे झाले, काय झालं ते सांगतो. चारही डागांभोवती चुन्याची रेघ मारली, बसून विळ्याने कापलं, दोन दिवस वाळवलं, पाचट टाकून पेटवलं. आईने तेवढ्यात जवळ बादलीभर पाणी आणून ठेवलं. तीन डागांत बाराव्या-तेराव्या दिवशी हिरवे कोंब आले, स्वच्छ. विहिरीजवळच्या जुन्या डागात मात्र एका बुडख्यावर दोन दोरे परत दिसले. डोकं फिरलं, तो गुंठा खणून मोकळा केला, मका टोकला.

डब्यात अर्धा किलो बी उरलं होतं. रव्याच्या चाळणीतून चाळलं, खाली चिमूटभर गोल, खरबरीत दाणे पडले. पुडीत बांधून दुकानदाराकडे नेले. तळहातावर घेऊन म्हणतो, "अहो, हा राजगिरा आहे, पोत्यातून मिसळला असेल."

म्हटलं, मग टाका तोंडात. पुडी परत माझ्या हातात दिली त्याने.